तबकडीवरचे नाव आणि तबकडीतले आवाज

ग्रामोफोनविषयी मराठीत जे लिहिले जाते त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार हळहळीचा. आजोबांचा भोंगा, चावी, सुयांची डबी, कुत्राछाप तबकडी, आणि शेवटी 'आता ते दिवस राहिले नाहीत' हा उसासा. दुसरा प्रकार शास्त्रोक्त गाण्याच्या जाणकारांचा. त्यांच्या मते तीन मिनिटांत गाणे होतच नाही. खरे गाणे मैफलीत. तबकडी ही त्याची नुसती खूण. या दोन्ही प्रकारच्या लेखनात एक गोष्ट राहून जाते. तबकडी लावल्यावर प्रत्यक्ष काय ऐकू येते, कोण वाजवत आहे, कोणाचे नाव तिच्यावर छापले आहे आणि कोणाचे नाही, हे फारसे कोणी सांगत नाही.

मला हा प्रश्न पडला तो अमेरिकेतल्या सुरुवातीच्या जॅझच्या तबकड्या ऐकताना. देवगाव फाट्यावर राहणाऱ्या, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाने जॅझवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण क्षणभर वाद्यांकडे पाहा. क्लॅरिनेट, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ढोल. ही सगळी वाद्ये आपल्या सेलू, जिंतूर, परभणीच्या वरातींमध्ये वाजतात. न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरातही ती आधी मिरवणुकीत आणि मयतीच्या मागे चालणाऱ्या बँडमध्ये वाजत होती आणि जॅझ घडला त्यात या बँडचा मोठा वाटा आहे. वाजवणारे बहुतेक कष्टकरी, कृष्णवर्णीय आणि मिश्र वंशाचे लोक होते. ज्या वाद्यांना आपण 'बँडवाल्यांची वाद्ये' म्हणून कमी लेखतो, त्यांच्यातून विसाव्या शतकातले एक मोठे संगीत उभे राहिले. एवढी एक गोष्टसुद्धा आपल्यासारख्यांनी जॅझ ऐकायला पुरेशी आहे.

यंत्राविषयी थोडे आधी सांगायला हवे, कारण ऐकण्याची रीत बऱ्याच अंशी यंत्रच ठरवते. सपाट तबकडीवर ध्वनी उमटवण्याच्या आपल्या पद्धतीचे पेटंट एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये घेतले. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही. चावी फिरवली की आतली पोलादी स्प्रिंग आवळली जाते, ती सुटत जाताना तबकडी फिरते आणि गव्हर्नर नावाचा भाग तिचा वेग एकसारखा ठेवतो. हा वेग मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या आसपास असतो. खोबणीतून जाताना सुई थरथरते, ती थरथर साउंड बॉक्समधल्या पातळ पडद्याला मिळते आणि भोंग्यातून मोठी होऊन बाहेर पडते. दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे साधारण तीन मिनिटे. पोलादी सुई एका बाजूपुरतीच वापरायची, नाहीतर झिजलेली सुई खोबण खरवडून काढते. आवाज कमीजास्त करायला बटण नाही. जाड सुई लावली तर मोठा, बारीक सुई लावली तर हळू. या काळ्या तबकड्या लाखेपासून बनत, आणि ती लाख मोठ्या प्रमाणावर आपल्याच देशातून, छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातून, जगभर जात होती.

माझ्याकडचा ग्रामोफोन सुटकेसच्या आकाराचा, एच.एम.व्ही. १०२ या जातीचा आहे. त्याची तुटलेली स्प्रिंग परभणीच्या एका घड्याळजींनी बसवून दिली. वीज गेली तरी तो चालतो, हा आमच्याकडे लहान फायदा नव्हे. तबकड्या मात्र मोजक्याच आहेत. ज्या मिळाल्या नाहीत त्या मी मोबाइलवर ऐकल्या. तेव्हा चावीच्या यंत्राशिवाय हे संगीत कळत नाही, असा माझा दावा नाही. खरखरीचे कौतुकही मी करणार नाही. खरखर म्हणजे झीज. तिच्यात गोडी शोधणे म्हणजे वाळवीने खाल्लेल्या पानाला नक्षी म्हणणे.

चावीच्या यंत्राचा खरा गुण वेगळा आहे. तबकड्या कमी असतात आणि एक बाजू तीन मिनिटांत संपते. चावी द्या, सुई बदला, पुन्हा तीच बाजू लावा, असे करत माणूस एकच तबकडी आठ-दहा वेळा ऐकतो. पहिल्यांदा कान मुख्य वाद्याकडे जातो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मागे वाजणारे ऐकू येऊ लागतात. सातव्या-आठव्या खेपेला त्यांच्यातला एकेक जण ओळखीचा होतो. जॅझच्या तबकड्या तर याच ऐकण्यासाठी घडल्यासारख्या आहेत. त्यांच्या कागदी लेबलावर बहुधा एकच नाव असते, आत मात्र पाच-सात माणसे एकमेकांशी बोलत असतात.

आता प्रत्यक्ष तबकड्यांकडे येऊ. जॅझची पहिली तबकडी मानली जाते ती व्हिक्टर कंपनीने २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित केली. बँडचे नाव 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड'. त्या वेळी शब्द 'जॅस' असाही लिहीत. बँडमधले पाचही जण न्यू ऑर्लिन्सचे गोरे वादक. 'लिव्हरी स्टेबल ब्लूज' या बाजूवर क्लॅरिनेट कोंबड्यासारखे आरवते, कॉर्नेट घोड्यासारखे खिंकाळते, ट्रॉम्बोन गाईसारखे हंबरते. ऐकायला मजा येते. वेग आहे, चपळाई आहे, पाचही वादक एका दमात धावतात. पण पुन्हा पुन्हा ऐकल्यावर जाणवते की यात नक्कल अधिक आणि निवेदन कमी. तरीही या तबकडीला अफाट गिऱ्हाईक मिळाले आणि 'ओरिजिनल', म्हणजे अस्सल, हा शब्द त्यांच्या नावावर कायमचा चिकटला. ज्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये हे संगीत मुख्यतः घडले, त्यांतल्या वादकांचे नाव या पहिल्या तबकडीवर नाही.

फ्रेडी केपर्ड नावाच्या कृष्णवर्णीय कॉर्नेटवादकाला त्याआधीच विचारणा झाली होती आणि इतर लोक आपली चीज चोरतील म्हणून त्याने नकार दिला, असे सांगतात. हकीकत खरी असो वा नसो, आपल्याला ती ओळखीची वाटते. चीज फक्त मुलाला किंवा गंडाबंध शागिर्दाला द्यायची आणि बाहेर गाताना अस्ताईवर थांबून अंतरा लपवायचा, अशा गोष्टी आपल्या घराण्यांविषयीही सांगितल्या जातात. ज्याच्याजवळ इल्म सोडून दुसरी मिळकत नाही, तो इल्म जपणारच. पण जपलेली चीज माणसाबरोबर मातीत जाते, हीही त्याच नाण्याची दुसरी बाजू आहे.

१९२० मध्ये ओके कंपनीने मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही तबकडी काढली आणि ती इतकी खपली की कंपन्यांना एक नवी बाजारपेठ दिसली. त्यांनी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी वेगळ्या मालिका सुरू केल्या; त्यांना उघडच 'रेस रेकॉर्ड' म्हणजे वंशाच्या तबकड्या म्हटले जाई. नाव छापले गेले, पण वेगळ्या रकान्यात. कंपन्यांना धंदा करायचा होता, न्याय नव्हे. तरी एवढे मान्य करायला हवे की या धंद्यामुळेच ते आवाज आपल्यापर्यंत आले. त्या काळच्या विद्यापीठांनी किंवा अकादमींनी त्यांच्यासाठी दारे उघडली नव्हती.

यानंतरची महत्त्वाची तबकडी १९२३ ची. एप्रिल महिन्यात किंग ऑलिव्हरचा 'क्रिओल जॅझ बँड' इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत गेला. हा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. गाडी आली की मुद्रण थांबवावे लागे. तेव्हा माइक नव्हता. भिंतीतल्या एका मोठ्या कर्ण्यासमोर सगळ्यांनी उभे राहून वाजवायचे आणि त्या हवेच्या जोरावर मेणाच्या चकतीवर सुई रेघ ओढायची. मोठ्या ढोलाचा धक्का बसला तर सुई उडे. म्हणून बेबी डॉड्स या ढोलवादकाला ढोल बाजूला ठेवून लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले. बिल जॉन्सन हा मूळचा बासवादक. तो इथे बँजो वाजवतो. ऑलिव्हरचा शागिर्द असलेल्या लुई आर्मस्ट्राँगचा दम इतका मोठा होता की त्याला इतरांपासून बराच मागे उभे केले होते, अशी आठवण बँडची पियानोवादक लिल हार्डिन हिने सांगितली आहे. पुढच्या वर्षी ती आर्मस्ट्राँगची पत्नी झाली.

लेबलावर नाव एकट्या ऑलिव्हरचे. मी शिक्षक आहे, त्यामुळे इथे पूर्ण हजेरी घेतो. कॉर्नेटवर किंग ऑलिव्हर आणि लुई आर्मस्ट्राँग, क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, ट्रॉम्बोनवर ऑनरे ड्यूट्रे, पियानोवर लिल हार्डिन, बँजोवर बिल जॉन्सन, ठोकळ्यांवर बेबी डॉड्स. ही नावे माहीत झाली की ऐकणेच बदलते. 'डिपरमाउथ ब्लूज' या बाजूवर आधी सगळी वाद्ये एकमेकांत गुंतलेली वाटतात, बाजाराच्या दिवशीच्या गलक्यासारखी. मग लक्षात येते की प्रत्येकाचा रस्ता ठरलेला आहे. कॉर्नेट मुखडा धरतो, क्लॅरिनेट त्याच्या वरून वळसे घेते, ट्रॉम्बोन खालून आधार देतो, आणि कोणी कोणाच्या पायात येत नाही. मग ऑलिव्हर कॉर्नेटच्या तोंडावर झाकण उघडझाप करत एकट्याने वाजवतो. वाद्य माणसासारखे कुरकुरते, विनवते. त्याचे वाजवणे संपता संपता मध्येच एक माणूस ओरडून दाद देतो. तो आवाज बिल जॉन्सनचा. आपल्या मैफलीत 'क्या बात है' निघावी तशी ती दाद कर्ण्याने टिपली आणि शंभर वर्षे टिकली. ज्याचे नाव लेबलावर नाही, त्याचा आवाज तबकडीत आहे.

माझ्या मते आपल्या वाचकांनी सर्वांत आधी ऐकावी अशी तबकडी मात्र १९२५ ची आहे. डब्ल्यू. सी. हँडी याने १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेली 'सेंट लुई ब्लूज' ही रचना बेसी स्मिथ या गायिकेने १४ जानेवारी १९२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये गायली. साथीला दोघेच. कॉर्नेटवर लुई आर्मस्ट्राँग आणि हार्मोनियमवर फ्रेड लाँगशॉ. होय, हार्मोनियम. आपली पेटी ज्या कुळातली, त्याच कुळातले पायपेटीचे वाद्य. पहिल्याच सुराला पेटीचा तो भरलेला, किंचित घोगरा आवाज येतो आणि अमेरिका एकदम जवळ येते.

मग बेसी गाते. घाई नाही, ताना नाहीत. एक ओळ ती सावकाश, जड पावलांनी टाकते आणि श्वास घेते. त्या श्वासाच्या जागेत आर्मस्ट्राँगचे कॉर्नेट उत्तर देते. ती जे म्हणाली तेच ते पुन्हा म्हणत नाही. तिच्या बोलण्याचा शेवटचा भाव उचलून थोडा पुढे नेते आणि तिची पुढची ओळ सुरू होण्याआधी बाजूला होते. गाणाऱ्याच्या मागोमाग जाणारी, त्याची जागा भरणारी आणि त्याच्यावर न चढणारी ही साथ आपण कुठे ऐकली आहे? सारंगीत. ठुमरी गाणाऱ्या बाईच्या मागे सारंगिया जे करतो, ते काम इथे कॉर्नेट करते. भाषा वेगळी, सूर वेगळे, पण साथीचा अदब तोच. चांगली साथ ही नोकरी नसून संवाद आहे, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी तबकडी माझ्या ऐकण्यात नाही.

त्याच वर्षी ध्वनिमुद्रणात मोठा बदल झाला. कर्णा गेला आणि विजेवर चालणारा माइक आला. ऐकणाऱ्याचा ग्रामोफोन चावीचाच राहिला, पण तबकडीत आता ढोल, बास, हळू स्वरातला पियानो, सगळे येऊ लागले. नोव्हेंबर १९२५ पासून आर्मस्ट्राँगने शिकागोमध्ये 'हॉट फाइव्ह' या नावाने तबकड्या काढल्या. त्यांतली २८ जून १९२८ ची 'वेस्ट एंड ब्लूज' ही बाजू प्रसिद्ध आहे. ओके कंपनीची ही मुद्रणे इंग्लंडात पार्लोफोन छापाने निघाली.

या बाजूची सुरुवात ट्रंपेट एकट्याने करते. मागे ठेका नाही, कोणी नाही. साधारण बारा सेकंदांत तो वर चढतो, वळतो, उतरतो आणि मग बाकीच्यांना आत घेतो. आपल्याकडचा श्रोता याला सहज आलाप म्हणेल. आलापाइतकी फुरसत इथे नाही, पण काम तेच: पुढे काय येणार याची जमीन तयार करणे. नंतर ट्रॉम्बोन येतो. मग क्लॅरिनेटच्या एकेका वाक्याला आर्मस्ट्राँग शब्दांवाचून गाऊन उत्तर देतो, आपल्या आकारासारखे. त्यानंतर अर्ल हाइन्सचा पियानो एकटा वाजतो. शेवटच्या फेरीत आर्मस्ट्राँग एकच वरचा सूर धरून ठेवतो, इतका वेळ की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. सगळ्यात शेवटी झटी सिंगलटनचा छोटासा 'टक' आणि बाजू संपते. हे सगळे सव्वातीन मिनिटांत.

इथे मैफलीच्या जाणकारांच्या आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. त्यांचे म्हणणे असे की जो कलाकार दर वेळी नवे सुचवतो त्याला तबकडीत बांधणे म्हणजे वाहते पाणी बाटलीत भरणे. आक्षेप खोटा नाही. त्या रात्री क्लबमध्ये आर्मस्ट्राँगने याहून वेगळे आणि याहून लांब वाजवले असेल; ते गेले. पण आक्षेपाचे गृहीतक चुकीचे आहे. तो तबकडीला मैफलीचा तुकडा समजतो. उर्दू शिकवणाऱ्याला हे पटणे कठीण आहे. शेर हा लांब कवितेतून कापलेला तुकडा नसतो. दोन मिसऱ्यांत सगळे सांगायचे हीच त्याची अट असते आणि त्या अटीतूनच त्याची ताकद येते. चांगल्या कलाकाराने तीन मिनिटांच्या तबकडीला असेच वागवले. काय सोडायचे हे त्याला ठरवावे लागले. 'वेस्ट एंड ब्लूज'मध्ये एक सूरही जास्तीचा नाही, याचे श्रेय आर्मस्ट्राँगला आहे तसे त्या आखूड खोबणीलाही आहे.

आणखी एक गोष्ट. तबकडी निघाली तेव्हा ते वाजवणे मजकूर झाले. न्यू ऑर्लिन्सला कधीही न गेलेले लोक ती पुन्हा पुन्हा लावून शिकले. मुंबई आणि गोव्यातले लोकही त्यांत होते.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताज महाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच्यामागून कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी ताज गाजवले. क्रिकेट स्मिथच्या बँडने १९३६ मध्ये मुंबईत 'ताज महाल फॉक्सट्रॉट' ही मीना सायलस यांची रचना तबकडीवर वाजवली. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी २०१२ मध्ये मुंबईच्या जॅझवर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाला याच तबकडीचे नाव दिले आहे. वेदरफोर्ड पुढे कोलकात्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथेच वारला.

या अमेरिकनांच्या मागे-पुढे आणि बरोबर वाजवत होते ते बहुतांशी गोव्याचे ख्रिस्ती वादक. गोव्याच्या चर्चशाळांत त्यांना स्वरलिपी शिकवली जाई. जॅझ ते तबकड्यांवरून आणि या पाहुण्यांकडून शिकले. आल्दोना गावचा आंतोनियो झेवियर वाझ हा त्यांतला एक. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत आणि हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणूनही ओळखत. स्वातंत्र्यानंतर हे वादक मोठ्या संख्येने हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात होते. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर यांच्या संगीतात जो पाश्चात्त्य ठसका आहे, तो घडवण्यात चिक चॉकलेटचा मोठा हात होता. 'अलबेला' (१९५१) चित्रपटात तर तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. पण हा अपवाद. फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावे आज अभ्यासकांना माहीत आहेत. त्या काळात ज्यांनी ती गाणी रेडिओवर आणि ग्रामोफोनवर ऐकली, त्यांपैकी बहुतेकांना ती माहीत असण्याचा मार्गच नव्हता. तबकडीवर चित्रपटाचे, संगीतकाराचे आणि पुढे गायकाचे नाव असे. तेही उशिरा आले. 'महल' (१९४९) मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांचे नाव नव्हते. चित्रपटातल्या पात्राचे, कामिनीचे, नाव होते. जिथे लताबाईंची ही गत, तिथे तिसऱ्या रांगेतल्या ट्रंपेटवाल्याची काय कथा?

जॅझने हा कान दिला की तो आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांना लावावा. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्गने कोलकात्यात हिंदुस्थानातली पहिली मुद्रणे केली. त्यांत गौहर जान होत्या. त्यांच्या तबकडीच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारतात. तेव्हा तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना कोणते मुद्रण कोणाचे हे कळावे म्हणून ही पुकार होती, असे सांगितले जाते. कारण व्यवहाराचे, परिणाम मोठा. गौहर जान यांनी आपले नाव लेबलावर सोडून दिले नाही, खोबणीत कोरून ठेवले. पण त्यांच्या किंवा जोहराबाई आग्रेवाल्यांच्या तबकड्यांत मागे जी सारंगी आणि तबला ऐकू येतो, तो कोणाचा? बहुतेक तबकड्या गप्प आहेत. वाजवणारे प्रामुख्याने मुसलमान मिरासी घराण्यांतले, पिढ्यान्पिढ्या हाच हुनर घेऊन जगलेले लोक.

अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या वारसांची आणि आपल्या सारंगियांची अवस्था एकच होती, असे मला म्हणायचे नाही. ती तुलना ताणली तर दोघांवर अन्याय होईल. साम्य फक्त तबकडीपुरते आहे: हुनर घ्यायचा, नाव नाही. आणि इथे दोष फक्त कंपनीच्या माथी मारून चालणार नाही. कंपनीने नाव छापले नाही हे खरे, पण ते नाव आपण तरी कुठे घेतले? सारंगी कोठ्यावर वाजते म्हणून ती वाजवणाऱ्याला आपल्याच समाजाने पंगतीत दूर बसवले. त्याच्या मुलांनी वाद्य माळ्यावर टाकले आणि आडनाव बदलले. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात विसावले; त्यांच्या नावाने तिथे दरवर्षी गाणे होते, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. त्यांच्या तबकड्या आजही लोक ऐकतात. पण उस्तादाची आठवण ठेवणे तुलनेने सोपे असते. त्यांच्यामागे तंबोरा धरून बसणारा, तबल्यावर ठेका सांभाळणारा, मिरजेत तो तंबोरा घडवणारा, यांची आठवण ठेवणे कठीण.

हा प्रश्न जुन्या काळापुरता नाही. वर्गात नव्या मुलांची माहिती लिहून घेताना 'अब्बा काय करतात' असे विचारावे लागते. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचा मुलगा क्षणभर थांबतो आणि 'मजुरी' असे सांगतो. त्याला कोणी तसे शिकवलेले नसते. घरातल्या आणि मोहल्ल्यातल्या बोलण्यातून ते त्याच्यात उतरलेले असते. त्याच वाद्यावर जॉनी डॉड्सने काय केले हे त्या मुलाला ऐकवावेसे वाटते. जॅझ ऐकून त्याचे वडील मोठे कलावंत ठरणार नाहीत. पण आपल्या बापाचे काम नाव घेण्याजोगे आहे, एवढे त्याला कळले तरी पुष्कळ झाले. संगीत जायज की नाजायज या वादात मी इथे शिरत नाही. तो करणारे पुष्कळ आहेत. कष्टाने मिळवलेल्या हुनराची लाज वाटावी असे मात्र कोणत्याच बाजूने सांगितलेले माझ्या ऐकण्यात नाही.

मराठीत संगीतावर लिहिणाऱ्यांकडून, आणि त्यांत आपणही आलो, एक माफक अपेक्षा आहे. तबकडीवर लिहिताना मुख्य गायकाच्या पुढे जावे. साथ कशी आहे, कुठे ती गाण्याला उचलते आणि कुठे पाडते, हे सांगावे. नाव माहीत असेल तर द्यावे. नसेल तर 'इथे सारंगी आहे, वाजवणारा लेबलावर नाही' एवढे तरी नोंदवावे. समीक्षेत ही नोंद कमी महत्त्वाची मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत तबकड्यांच्या शौकिनांनी आणि अभ्यासकांनी जुन्या वादकांना गाठून, विचारून, कानाने ओळखून अशाच याद्या केल्या, म्हणून आज मला इथे बसून ऑलिव्हरच्या बँडची हजेरी घेता येते. आपल्याकडेही काही संग्राहकांनी हे काम केले आहे, पण ते थोड्यांच्या हौसेवर उभे आहे.

आपल्या घरांत अजून तबकड्या आहेत. कव्वाली, नात, नाट्यगीते, चित्रपटाची गाणी, कधी एखादी ओळखू न येणारी इंग्रजी बाजाची बाजू. घर पाडताना किंवा रंगवताना त्या भंगारवाल्याकडे किलोवर जातात. देण्याआधी लेबल वाचावे, त्यावरचा क्रमांक आणि नाव वहीत उतरवावे. घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर त्याला विचारावे की हे कोणाचे, कोणी आणले, मागे कोण वाजवत आहे. यंत्र मिळाले तर तबकडी किमान तीनदा ऐकावी: एकदा नावासाठी, एकदा गाण्यासाठी आणि एकदा मागे बसलेल्यांसाठी.